अर्ध्या पानाचा अहवाल

बातमी सात ओळींची होती आणि तिच्यात तीन चुका होत्या. वामनराव भोयर यांचं वय त्रेसष्ट. छापलं होतं अडुसष्ट. ते राज्याच्या गुप्तवार्ता खात्यातून सहायक अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. बातमीत त्यांना 'माजी पोलीस अधीक्षक' करून टाकलं होतं. आणि अकरा हजार रुपयांसाठी 'लाखोंचा गंडा' असे शब्द वापरले होते. बाकीचं बरोबर होतं. यवतमाळ शहरात खासगी चौकशीचं कार्यालय चालवणाऱ्या इसमाने चौकशी न करताच खोटा अहवाल दिला, अशी वणीच्या एका ट्रकमालकाची तक्रार; त्यावरून फसवणुकीचा गुन्हा दाखल; पुढील तपास सुरू.

वामनरावांनी बातमी दोनदा वाचली, पेपरची घडी केली आणि चहाचं भांडं विसळून ठेवलं. दारव्हा रोडवर त्यांनी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि एक कपाट, म्हणजे कार्यालय. मागच्या खोलीत ते राहत. पत्नी कौसल्या त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी गेली. मुलगी अर्पिता पुण्यात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. त्या सकाळी कोणीही दार वाजवलं नाही. आपल्या शेजारचा माणूस नेमकं काय करतो हे शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. पाच वर्षांत वामनरावांनीच तशी व्यवस्था ठेवली होती.

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी काही नियम पाळले होते. माहिती देणाऱ्याचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही. टिपण काढलं तर काम झाल्यावर जाळायचं. एका टपरीवर दोनदा चहा प्यायचा नाही. बसचं तिकीट उतरल्या जागी फाडून टाकायचं. आणि अहवालात लिहायचं ते एवढंच: 'खात्रीलायक माहिती आहे की.' माहिती कोणी दिली, हे वरचे साहेब विचारत नसत. तो कागद कोर्टात जात नसे, म्हणून त्याला पुरावा लागत नसे.

निवृत्तीनंतर ते लग्नाआधीच्या चौकशा करू लागले. मुलगा पितो का, नोकरी पक्की आहे का, शेत खरंच नावावर आहे का. पद्धत त्यांनी तीच ठेवली. दुसरी त्यांना येत नव्हती. इथे माणसं अहवाल हातात घेऊन लोकांसमोर जातात आणि तिथे त्याला पुरावा लागतो, हा फरक त्यांच्या ध्यानात आला नाही. पाच वर्षांत कोणी पुरावा मागितलाही नव्हता.

फेब्रुवारीत वणीहून रोशन आसुटकर आला. वय चौतीस, कोळशाच्या वाहतुकीत दोन ट्रक, वडील नाहीत. बहीण अपेक्षा हिचं साक्षगंध दारव्ह्याच्या अक्षय गुल्हानेशी झालं होतं. अक्षय ठिबक सिंचनाच्या कंपनीत होता, घरची बारा एकर ओलिताची. लग्नाची तारीख काढायची होती. "चांगलंच घर आहे जी," रोशन म्हणाला होता. "पण बाप नाही तिले. उद्या कोणी म्हणू नये, भावानं पाहिलं नाही."

वामनराव नऊ दिवस फिरले. दारव्हा, मग दिग्रस, मग बोरी अरबच्या पुढचा एक तांडा. दहाव्या दिवशी त्यांनी अर्धं पान टाइप केलं: 'सदर मुलगा दोन वर्षे दिग्रस येथे एका महिलेसोबत पती-पत्नीप्रमाणे राहत होता व घरच्यांच्या दबावामुळे तिला सोडून आला, अशी खात्रीलायक माहिती आहे. स्थळ टाळावे.' खाली सही, तारीख. रोशनने लग्न मोडलं.

महिन्याभराने गुल्हान्यांची दहा माणसं रोशनच्या घरी जाऊन बसली आणि पुरावा मागू लागली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रोशनने तक्रार दिली.

*

शहरातल्या ठाण्यात तपास उपनिरीक्षक संगीता मेश्राम यांच्याकडे होता. तिशीच्या आतल्या, कामाला चोख. वामनराव आत आले तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. रोशन आधीच बसलेला होता. तो उठला नाही.

"बसा सर. चहा घ्याल?"

"चहा कायले पाजता म्याडम याईले?" रोशन म्हणाला. "नऊ दिवस घरी बसून चहाच तर पेले हे."

"आसुटकर, तुम्ही जरा दम धरा."

"दमच धरून राह्यलो. दहा माणसं माह्या ओसरीत बसले. म्हणे, तिकीट दाखव, एखाद्या माणसाचं नाव सांग, त्या बाईले आण समोर. मी याईले फोन केला, तर हे म्हणते, सूत्र सांगता येत नाही." तो वामनरावांकडे वळला. "सूत्र! माह्या बहिणीचं लगन मोडलं अन् तुमचं सूत्र सोवळ्यात बसलं."

संगीताबाईंनी फाइल उघडली. "सर, मी विचारते ते रीतसर विचारते. राग मानू नका. प्रवासाची तिकिटं?"

"ठेवत नाही."

"कुठे मुक्काम केला? लॉजचं रजिस्टर वगैरे?"

"मुक्काम केला नाही. रोज परत आलो."

"टिपणं?"

"जाळली."

त्यांनी एक कागद समोर सरकवला. "हे तुमच्या मोबाइलचं लोकेशन. नऊही दिवस दारव्हा रोड, यवतमाळ. एकदाही हललं नाही."

"कामावर जाताना मी फोन घरी ठेवतो."

"काहून?" रोशनने विचारलं.

"फोनवरून माणूस सापडतो."

रोशन हसला. हसताना त्याने ठाणे अंमलदाराकडेही पाहिलं, त्यालाही हसायला लावायला. "घ्या. गेले पण, आले पण, अन् कोणाले दिसले पण नाही. माणूस नाही म्याडम हे, हवा आहे हवा."

"कोणी ओळखीचं भेटलं असेल सर. वाटेत, बसमध्ये. तुम्हाला पाहिलं म्हणून सांगणारं कोणी."

"कोणी पाहू नये म्हणूनच..." वामनराव बोलता बोलता थांबले. पुढचं वाक्य आपल्याच विरुद्ध जातं हे त्यांना दिसलं.

रोशनचा आवाज आता खाली आला. "हे पाहा काका. मले तुमचे पैसे नको, तुम्हाले जेलात टाकाचं नाही. एवढंच लिहून द्या, की मी गेलो नव्हतो, अंदाजानं लिहिलं. मी कोर्टात तडजोड करतो. गुल्हाने आजही तयार आहे. पण अपेक्षा अडून बसली. म्हणते, त्या माणसानं स्वतःच्या हातानं खोटं होतं म्हणून लिहिलं तरच मी मांडवात उभी राहीन. तुमच्या अर्ध्या पानावर तिचा माह्यापेक्षा जास्त भरवसा. आता बोला."

वामनरावांनी लोकेशनचा कागद संगीताबाईंकडे परत सरकवला.

निघताना संगीताबाई व्हरांड्यापर्यंत आल्या. "सर, तुम्ही खोटं बोलता असं मला वाटत नाही," त्या हळू म्हणाल्या. "पण माझ्या वाटण्यावर बी समरी होत नाही. तक्रारच खोटी होती असा अहवाल कोर्टाला द्यायचा, तर माझ्या हाती एक तरी बयान पाहिजे. एक नाव द्या. साध्या कपड्यात जाईन, घरात बसून बयान घेईन. बुधवारपर्यंत थांबते. गुरुवारी आरोपपत्र."

"बयान घेतलं की ते आरोपपत्रासारखंच कोर्टात जाईल."

"जाईल."

"नक्कल रोशनला मिळेल. रोशनकडून गुल्हान्यांना."

"हो," त्या म्हणाल्या. "तो कायदाच आहे."

वामनराव पायी घरी आले. दिग्रसच्या त्या बाईचं नाव जिल्ह्यात चौघांनाच पक्कं माहीत होतं. अक्षय गुल्हाने, ती बाई म्हणजे तांड्यावरची उज्ज्वला, तिची आई रुपीबाई आणि वामनराव स्वतः. चौघांपैकी कोणालाच ते उच्चारायचं नव्हतं. अक्षयला स्वतःच्या लग्नासाठी, मायलेकींना उज्ज्वलाच्या लग्नासाठी. वामनरावांचं मात्र ते घेतल्याशिवाय सुटत नव्हतं. दिग्रसच्या घरमालकाचं नाव दिलं असतं, तरी धागा दोन दिवसांत तांड्यावरच पोचला असता. उज्ज्वला दोन वर्षं दिग्रसला कोर्स करत होती, असं तांड्यात सगळ्यांना सांगितलेलं होतं. तिने आणि अक्षयने देवळात हार घालून लग्न केलं होतं; त्या हाराशिवाय त्या लग्नाचा पुरावा नव्हता.

फेब्रुवारीत रुपीबाई पहिल्या दिवशी काही बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी बोलली. "त्या दुसऱ्या पोरीचं तरी असं नको व्हाले," एवढं कारण तिने दिलं होतं. आणि नाव कुठेही येऊ न देण्याचा वामनरावांनी तिला शब्द दिला होता. तो तिने मागितलाही नव्हता. नोकरीत प्रत्येकाला देत, तसा सवयीने दिला होता.

*

रविवारी दुपारी अर्पिताचा फोन आला. ती महिन्यातून दोनदा करायची. हा तिसरा होता.

"बाबा, बातमी वाचली. मामांनी ग्रुपवर टाकली."

"वय चुकवलंय त्यांनी."

"बाबा."

"बोल."

"तुम्ही गेले होते का खरंच?"

"गेलो होतो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केला असावा, कारण पुढचं बोलायला तिला थोडा वेळ लागला.

"एक विचारू? कधीचं विचारायचं आहे. मी सहावीत होते. मावशीबरोबर नागपूरच्या बसस्टँडवर होते. तिथे खांबाला टेकून एक माणूस कंगवे, आरसे विकत बसला होता. मी 'बाबा' म्हणून हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मावशी म्हणाली, अगं तो दुसराच कोणी आहे. तुम्हीच होते ना?"

ते वामनरावच होते. ज्याच्यावर नजर ठेवायची होती तो समोरच्या बाकावर बसला होता. ते प्रकरण केव्हाच मिटलं होतं. बाकावरचा माणूसही आता हयात नव्हता. खरं सांगायला कसलीही अडचण उरलेली नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "तेव्हा मी अकोल्याला होतो."

उत्तर तोंडातून निघून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं. सोळा वर्षांपूर्वी घरी आल्यावर कौसल्याने विचारलं, तेव्हाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं, याच शब्दांत.

"बरं," अर्पिता म्हणाली. "मग या वेळीही घरीच असाल."

तिने फोन ठेवला. वामनरावांनी तो परत लावायला हातात घेतला. स्क्रीन विझली, त्यांनी ती पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. संध्याकाळी त्यांनी मुगाची खिचडी टाकली आणि नेहमीप्रमाणे एका माणसापुरती काढली.

*

मंगळवारी ते बोरी अरबला गेले. जायचं ते रुपीबाईची परवानगी घ्यायला, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं. ती हो म्हणाली तर तो शब्द मोडणं होत नाही. फोन याही वेळी घरीच ठेवला.

बाजाराचा दिवस होता. रुपीबाई बाजाराला येते हे त्यांना ठाऊक होतं. बांगड्यांच्या दुकानापाशी ती दिसली, शेजारी उज्ज्वला. तिने मनगट पुढे केलं होतं आणि कासार तिच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होता. वामनरावांनी तिला याआधी पाहिलं नव्हतं, पण आईचं नाक तिला जसंच्या तसं आलं होतं.

रुपीबाईने त्यांना पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम कोरा झाला. परत फिरावं असं त्यांना वाटलं. तेवढ्यात उज्ज्वलाने मान वळवली.

"याडी, कोण हे?" तिने आईला विचारलं.

"जिनिंगवाले," रुपीबाई म्हणाली. "आपला कापूस नेते ना, थे."

"नमस्कार," वामनराव म्हणाले. "यंदा भाव पडला. राहिला असेल तर ठेवा थोडा."

उज्ज्वलाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, जिनिंगवाल्याच्या अंगावर रुईचा एक तंतू नाही? इस्त्रीचा शर्ट घालून कापूस घेता का तुम्ही?"

"मी हिशेबात बसतो. कापसाजवळ येऊ देत नाहीत मला."

"तरीच भाव तुमच्यापर्यंत पोचत नाही," ती म्हणाली आणि कासारासकट सगळे हसले. वामनरावही हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्याशी कोणी थट्टा केली होती.

रुपीबाईने तिला मेहंदीचे कोन आणायला पाठवलं आणि ती वामनरावांना घेऊन गुळाच्या दुकानामागे आली. तिथे माणसं कमी होती.

"सुनीलनं वाचलं मोबाइलवर," ती म्हणाली. सुनील तिचा मुलगा. "सगळ्याईसमोर वाचलं. त्याले काय माईत. 'असे चोर राहते पाहा,' म्हणे. मी भाकर थापून राह्यलती, तशीच थापत राह्यली. तुम्ही मले खरं नाव सांगतलं होतं, म्हणून वळखलं. माह्या जिभेनं तुमच्यावर आलं, भाऊ."

"तुमच्यामुळे काही झालं नाही."

"लिवा माह्यं नाव. येईन मी ठाण्यात. अंगठा देईन."

ज्यासाठी ते आले होते ते त्यांना न मागता मिळालं होतं. वामनराव गुळाच्या रिकाम्या डब्यांकडे पाहत उभे राहिले.

"उज्ज्वलाला विचारलं?"

"नाही."

"लग्न कधी?"

"मे महिन्याच्या सोळाले. पुसदकडलं स्थळ आहे. पोरगा मास्तर आहे, आश्रमशाळेत." तिने पदराने तोंड पुसलं. "तिनं वरीसभर धड खाल्लं नव्हतं. आता बोलते अशी, पाह्यलं ना तुम्ही? मारवाड्यालेही सोडत नाही, इतकी बोलते."

"त्या मास्तरला माहीत आहे?"

"कोण सांगन?"

 लग्न झाल्यावर नाव दिलं तर, असा एक विचार वामनरावांच्या मनात आला. तो त्यांनी जोखून पाहिला. लग्नानंतर कळलं तर तिला परत पाठवतील, आणि तेव्हा तिच्या हातात बांगड्याही राहणार नाहीत. बुधवारी नाव देणं आणि सोळा तारखेनंतर देणं यांत फरक इतकाच होता.

"रुपीबाई," ते म्हणाले, "तुमची माझी कधी भेट झालेली नाही. कोणी विचारलं तर मी जिनिंगमधला माणूस. तेही विचारलं तरच."

"मंग तुमचं कसं?"

"पाहतो."

"तुमच्या घरी कोण आहे?"

"मुलगी आहे. पुण्याला."

"तिले सांगतलं?"

त्यांनी बसची वेळ झाल्याचं सांगितलं. रुपीबाई तिथेच उभी होती. काही अंतरावरून त्यांनी मागे पाहिलं. तेव्हा उज्ज्वला परत आली होती आणि मेहंदीचा कोन आईच्या नाकासमोर धरून वास खरा की खोटा ते विचारत होती.

*

बुधवारी सकाळी अकराला त्यांनी जबाब दिला. संगीताबाईंनी तो स्वतः लिहून घेतला आणि वाचून दाखवला. 'मी सदर चौकशीकामी नऊ दिवस प्रवास केला. अहवालातील माहिती खरी आहे. माहिती देणाऱ्याचे नाव मी सांगणार नाही. अहवाल मी मागे घेत नाही.'

"सर, यात तुमच्या बाजूचं एकही वाक्य नाही," त्या म्हणाल्या.

वामनरावांनी जबाब पुन्हा वाचला. चूक नव्हती. त्यांनी सही केली.

"अडकाल तुम्ही."

"तुमच्या जागी मी असतो, तर मीही आरोपपत्रच पाठवलं असतं."

 संगीताबाईंनी कागद जरा जोरात फाइलला लावला.

जूनच्या शेवटी समन्स आलं. कोर्टात हजर व्हायचं, जामीन द्यायचा. रक्कम फार नव्हती, पण जामीनदार हवा होता: जिल्ह्यातला, नावावर सातबारा असलेला आणि न्यायाधीशांसमोर उभं राहून 'मी या माणसाला ओळखतो' असं सांगणारा.

वकील त्यांनी फी पाहून निवडला होता. तो म्हणाला, "चिंता नका करू. माणूस आहे आपल्याकडे. सातबारा घेऊन येतो, दहा वर्षांपासून ओळखतो म्हणतो, सही करून जातो."

"मी त्याला पाहिलेलं नाही."

"उद्या पाहाल ना."

"म्हणजे फसवणुकीच्या गुन्ह्यात जामीन मिळवायला कोर्टाला फसवायचं."

वकिलाने चष्मा काढून पुसला. "भोयर साहेब, तुम्ही खात्यात होते म्हणता. मग इतके भोळे कसे?"

तो माणूस वामनरावांनी नाकारला. मग घरमालकाला विचारलं. घरमालक भला होता. त्याने त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं. "भाडं तुम्ही एक तारखेला देता, त्यात शब्द नाही," तो म्हणाला. "पण ओळखतो म्हणून कोर्टात कसं सांगू जी? मले तुमचं गावही माईत नाही. पाच वर्षांत तुमच्याकडे पाहुणा आलेला मी पाह्यला नाही."

त्या संध्याकाळी वामनराव वही घेऊन बसले. जिल्ह्यात आपल्याला ओळखणाऱ्या माणसांची नावं त्यांना लिहून काढायची होती. नोकरीत त्यांनी निदान चारशे माणसांशी बोलून माहिती काढली होती. त्यातल्या प्रत्येकाला त्यांनी वेगळं नाव सांगितलं होतं. पान अर्धा तास कोरं राहिलं.

कळंब तालुक्यात कौसल्याच्या माहेरचं तीन एकर शेत होतं. ती गेल्यावर ते अर्पिताच्या नावावर चढलं होतं. त्यांनी तिला फोन लावला. एप्रिलपासून तिने केला नव्हता, त्यांनीही नाही.

"जामीनदार लागतो," ते म्हणाले. "तुझ्या नावावर सातबारा आहे."

"कधी?"

"गुरुवारी."

"येते," ती म्हणाली. दुसरं काही विचारलं नाही.

*

गुरुवारी ती सकाळच्या बसने उतरली. पाठीवर एक बॅग, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा. तिने वाकून नमस्कार केला, तब्येत विचारली. कोर्टाच्या आवारात दोघं एका बाकावर बसले, मध्ये बॅग. रोशन आसुटकर तारखेला आला होता. तो त्यांच्या समोरून गेला आणि परत आला.

"झालं तुमच्या मनासारखं," तो वामनरावांना म्हणाला. "अक्षयचं वर्ध्याकडं जमलं. साक्षगंधही झालं त्याचं. माह्यी बहीण बसली घरी. म्हणते, बरं झालं. बरं झालं!" त्याने अर्पिताकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मुलगी."

"ताई, तुम्हाले तरी सांगतलं का याईनं, कोणाले भेटले थे?"

"नाही," अर्पिता म्हणाली.

रोशनने मान हलवली आणि तो गेला. वामनराव वर्ध्याच्या त्या मुलीचा विचार करत होते. तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं. तिच्या घरच्यांनी कोणाला चौकशीला लावलं होतं की नव्हतं, हेही नाही.

पुकारा झाला. कोर्टात त्यांचा नंबर पाच मिनिटांत आटोपला. न्यायाधीशांनी कागद पाहिले आणि अर्पिताला पुढे बोलावलं.

"आरोपीला ओळखता?"

"वडील आहेत."

"ते लिहिलंय इथे. ओळखता का, हे विचारतो आहे. हे तारखांना हजर राहतील, पळून जाणार नाहीत, याची हमी तुम्ही घेताय."

प्रश्न रोजचा होता आणि न्यायाधीश पुढची फाइल उघडत होते. अर्पिताने वळून वामनरावांकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली नाही.

"हो," ती म्हणाली.

तिने तीन ठिकाणी सही केली. लिपिकाने शिक्का मारला. बाहेर ऊन होतं, पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. तिची परतीची गाडी साडेतीनला होती. दोन वाजले होते. दोघं पुन्हा त्याच बाकावर येऊन बसले. या वेळी बॅग तिने पायाशी ठेवली.

"मी आत हो म्हटलं," ती म्हणाली. "कशाच्या जोरावर म्हटलं, मलाही माहीत नाही."

 समोर एक टायपिस्ट झाडाखाली मशीनवर कापड टाकून डबा खात होता.

"ती माहिती देणारी बाई..." त्यांनी सुरुवात केली.

"नाव नका सांगू," ती घाईने म्हणाली. "ज्यासाठी एवढं केलं ते माझ्यापाशी कशाला? बाकीचं सांगा. कुठे गेले, कसे गेले. काय खाल्लं. कोणाशी काय खोटं बोलले. सगळं."

असं त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. साहेबांना निष्कर्ष हवा असे, कौसल्याला ते कधी येणार एवढंच. वामनरावांनी घसा साफ केला. सुरुवात कुठून करायची हे त्यांना पटकन सुचेना. मग त्यांनी तारखेपासूनच केली.

"अकरा फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी सव्वासातच्या बसने दारव्ह्याला गेलो. थंडी होती. खिडकीची काच वर जात नव्हती, म्हणून मफलर कानाला गुंडाळला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना सांगितलं, मी भावासाठी ठिबकचे पाइप पाहायला चाललो आहे. त्यांनी मला अर्धा पेरू दिला."

"खाल्ला?"

"खाल्ला. चांगला होता. दारव्ह्याला उतरून मी कंपनीच्या दुकानात गेलो, तर ते दहाला उघडणार होतं. तोवर आलुबोंडा खाल्ला. तिखट होता. मला पोटाला चालत नाही, तरी खाल्ला."

"आई असती तर ओरडली असती."

"म्हणून तिला सांगत नसे," ते म्हणाले. आणि ते पहिल्या दिवसाचं सगळं सांगत गेले: दुकानातला नोकर काय म्हणाला, त्याला त्यांनी कोणतं नाव सांगितलं, परतीच्या बसमध्ये उभं राहून गुडघा कसा दुखला, घरी आल्यावर टेबलावर फोन जिथल्या तिथे कसा पडलेला होता आणि त्यावर एकही कॉल कसा नव्हता. अर्पिता मधे बोलली नाही. साडेतीनची गाडी गेटासमोरून गेली. तिने पाहिली आणि ती उठली नाही.

"आणि दुसऱ्या दिवशी?" तिने विचारलं.